न पोहोचलेल्या पिठाचा हिशेब

30 एप्रिल 1790 रोजी अमेरिकी काँग्रेसने आपल्या चिमुकल्या लष्करासाठी एक कायदा केला. त्यातलं एक कलम वाण्याच्या यादीसारखं वाचता येतं. शिपायाला रोज एक शिधा. शिधा म्हणजे एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, आणि अर्धा गिल रम, ब्रँडी नाहीतर व्हिस्की. अर्धा गिल म्हणजे साधारण 60 मिलिलिटर. शिवाय दर शंभर शिध्यांमागे एक क्वार्ट मीठ, दोन क्वार्ट व्हिनेगर, दोन पौंड साबण आणि एक पौंड मेणबत्त्या. भाजी नाही, कडधान्य नाही.

एवढ्याशा यादीचं वजन कागदावर कळत नाही, गुणाकार करावा लागतो. शंभर शिपायांची एक गढी धरू आणि तीन महिन्यांचा साठा धरू. झाले 9,000 शिधे. पिठाचं पिंप त्या काळी 196 पौंडांचं असे, म्हणजे 46 पिंपं पीठ. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं पिंप 200 पौंडांचं, त्याची 34 पिंपं. मांस ताजं द्यायचं ठरवलं तर 9,000 पौंड गोमांस, म्हणजे जंगलवाटेने हाकत आणलेला गुरांचा कळप. दारू 140 गॅलन, व्हिनेगर 45 गॅलन, साबण 180 पौंड. आणि मेणबत्त्या 90 पौंड. अख्ख्या गढीच्या रात्रीसाठी दिवसाला एक पौंड.

हे सगळं पोहोचवायचं होतं ओहायो नदीच्या उत्तरेला. तिथे नदी हाच रस्ता, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरलं की तोही बंद.

नव्या प्रजासत्ताकाने हे काम कोणाकडे सोपवलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्लंडविरुद्धचं क्रांतियुद्ध संपल्यावर 2 जून 1784 रोजी काँग्रेसने उरलंसुरलं सैन्यही मोडलं. ठेवले फक्त 80 शिपाई: 25 पिट किल्ल्यावर आणि 55 वेस्ट पॉइंटला, तेही तिथल्या सामानाच्या राखणीसाठी. त्यांच्यावर कॅप्टनपेक्षा वरचा अधिकारी असू नये, हेही ठरावात लिहून टाकलं. कायमचं सैन्य म्हणजे उद्याची हुकूमशाही, ही त्या पिढीची मनापासूनची भीती होती. सैन्यच कायमचं नको म्हटल्यावर त्याला पोसणारं कायमचं खातं, कोठ्या, कोठीवाले, गाड्या, बैल हे तरी कशाला हवेत? शिवाय युद्धात सरकारी खरेदीदारांनी केलेला गोंधळ सगळ्यांच्या लक्षात होता. तेव्हा उत्तर सोपं वाटलं: मक्ता द्या. 1789 मध्ये युद्धखातं स्थापन झालं, हेन्री नॉक्स त्याचा पहिला मंत्री झाला, तेव्हाही शिपायाच्या पोटाची व्यवस्था मक्त्यावरच राहिली.

मक्त्याची रीत अशी. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची: अमुक गढ्या, अमुक मुदत, एका शिध्याचा भाव सांगा. ज्याचा भाव कमी त्याला मक्ता. त्याने जामीन द्यायचे, सरकारने थोडी आगाऊ रक्कम द्यायची. मग प्रत्येक गढीवर मक्तेदाराचा वाटप-गुमास्ता बसे. कंपनीचा कॅप्टन हजर माणसांचा आकडा आणि दिवस यांचा गुणाकार करून मागणीपत्रावर सही करी, गुमास्ता तेवढे शिधे मोजून देई. महिन्याच्या शेवटी या मागणीपत्रांचा गोषवारा तयार होई, गढीचा कमांडर तो खरा असल्याचं लिहून देई, आणि तो कागद राजधानीकडे निघे. वाटेत शत्रूने लुटलेला माल सरकारच्या डोक्यावर. आणि मक्तेदाराने ऐनवेळी दगा दिला तर कमांडरने बाजारातून माल घ्यावा आणि फरक मक्तेदाराच्या खात्यात टाकावा, अशीही सोय.

कागदावर यात चूक काढणं अवघड आहे. सरकारला कोठी बांधावी लागत नाही, सडलेल्या मालाची झळ लागत नाही, पैसे द्यायचे ते फक्त शिपायाच्या हातात पडलेल्या शिध्याचे. खोट याच शेवटच्या कलमात होती. न पोहोचलेल्या शिध्याचा खर्च शून्य. खात्याच्या वहीत भरलेल्या पोटाची नोंद खर्च म्हणून होते, उपाशी पोटाची बचत म्हणून. शिवाय भाव एकदा ठरला की मक्तेदाराचा नफा कुठून येणार? खरेदीतून, वाहतुकीतून आणि वजनातून. जवळच्या नदीकाठच्या गढीला तो वेळेवर पुरवठा करी. दूरच्या गढीचा प्रत्येक शिधा त्याला तोट्याचा. आणि लढाई नेमकी दूरच्या गढीपलीकडे असते.

‘बाजारातून घ्यावा’ या सोयीचंही असंच. जंगलात बाजार नव्हता. असलाच, तर सेनापतीला धास्ती वेगळीच: उद्या हिशेबनिसाने ही खरेदी नामंजूर केली तर रक्कम आपल्या नावावर चढेल.

1791 साली या व्यवस्थेची कसोटी लागली. ओहायोच्या उत्तरेची जमीन मायामी, शॉनी आणि इतर जमातींची होती, त्यांना ती सोडायची नव्हती, आणि सरकारला ती विकून कर्ज फेडायचं होतं. सेनापती आर्थर सेंट क्लेअर याच्या हाताखाली मोहीम ठरली. शिध्याचा मक्ता थिओडोसियस फाउलर याच्या नावावर होता. त्याने तो विल्यम ड्युअरला देऊन टाकला. ड्युअर म्हणजे न्यूयॉर्कमधलं बडं प्रस्थ, अर्थमंत्री हॅमिल्टनचा एके काळचा सहायक, आणि जमिनी व कर्जरोखे यांच्या सट्ट्यात गळ्यापर्यंत बुडालेला. अशा माणसाला पीठ आणि गुरं यांत काय गोडी असणार? मक्त्याचा पैसा त्याच्या सट्ट्याच्या पैशात मिसळला आणि सरहद्दीवरच्या त्याच्या माणसांना वेळेवर काही मिळेना. बाकीचं सामान, म्हणजे घोडे, तंबू, अवजारं, हे क्वार्टरमास्टर सॅम्युएल हॉजडनकडे. मोहीम जुलैत निघायची होती. हॉजडन फोर्ट वॉशिंग्टनला, म्हणजे आजच्या सिनसिनाटीला, पोहोचला सप्टेंबरात.

सप्टेंबर आणि जुलै यांत फरक गवताचा. फोर्ट वॉशिंग्टनपासून जिथे अखेर लढाई झाली तिथपर्यंत अंतर जेमतेम शंभर मैल. लादणीचा घोडा पाठीवर साधारण 200 पौंड नेतो, म्हणजे एका पिंपाएवढं पीठ. पण पिंप घोड्यावर बसत नाही, पीठ पोत्यांत भरावं लागतं आणि पोतं पावसात भिजतं. 1,400 माणसांना दिवसाला 1,400 पौंड पीठ, म्हणजे रोज सात घोडे. झाडं तोडत काढलेल्या वाटेने जाऊन-येऊन सोळा दिवस धरले तरी नुसत्या पिठासाठी शंभरावर घोडे सतत चालते हवेत. आता घोड्याच्या तोंडाकडे पाहा. दिवसाला आठ पौंड मका धरला तर सोळा दिवसांत 128 पौंड तोच खातो. दाणा त्याच्याच पाठीवर घातला तर शिपायासाठी उरले 72 पौंड. म्हणून घोडा वाटेवरच्या गवतावर जगला पाहिजे, नाहीतर हे गणितच मोडतं. ऑक्टोबरात कडाका पडला, गवत करपलं, गणित मोडलं.

त्यात हलगर्जीपणाची भर. रात्री घोडे जंगलात चरायला सोडतात तेव्हा गळ्यात घंटा आणि पायात पायबंद हवेत, म्हणजे सकाळी सापडतात. इथे घंटा आणि पायबंदच वेळेवर आले नव्हते. घोडे हरवले, चोरीला गेले, मेले. तंबू गळत होते. बंदुकीच्या दारूबद्दल शिपाई कुरकुरत होते. सैन्य थोडं पुढे सरके, पिठाची वाट पाहत थांबे, पुन्हा सरके. वाटेत फोर्ट हॅमिल्टन आणि फोर्ट जेफरसन या दोन गढ्या बांधल्या त्या साठ्यासाठीच, पण साठवायला काही नव्हतं. शिधा अर्ध्यावर आणावा लागला.

मग 31 ऑक्टोबर उजाडला. केंटकीच्या मिलिशियातले, म्हणजे हंगामी नागरी फौजेतले, साठेक लोक पळाले. मागून येणारा पिठाचा काफिला ते लुटतील अशी भीती होती. सेंट क्लेअरने काफिला वाचवायला कोणाला मागे पाठवलं? पहिल्या रेजिमेंटला. त्याच्याजवळची सगळ्यांत तरबेज अशी ही 300 माणसं. चारच दिवसांनी, 4 नोव्हेंबरच्या पहाटे, मायामींचा सरदार लिटल टर्टल आणि शॉनींचा सरदार ब्लू जॅकेट यांच्या माणसांनी छावणीवर झडप घातली. उरलेल्या साधारण 1,400 पैकी 600 हून अधिक ठार झाले. पहिली रेजिमेंट तेव्हा पिठाच्या पाठीमागे होती.

काँग्रेसने चौकशी समिती नेमली. सरकारी कारभाराची काँग्रेसने केलेली ही पहिली चौकशी. 8 मे 1792 रोजी समितीने सेंट क्लेअरला दोषमुक्त करून बोट दाखवलं ते क्वार्टरमास्टर आणि मक्तेदार यांच्याकडे. ड्युअर तोवर कर्जापायी तुरुंगात गेला होता. गंमत अशी की त्याच दिवशी, 8 मेलाच, एक कायदाही मंजूर झाला: लष्कराची खरेदी युद्धखात्याकडून काढून अर्थखात्याकडे, आणि युद्धखात्यात नवा हिशेबनीस. पीठ पोहोचलं नाही, यावर काढलेला उपाय म्हणजे हिशेब आणखी काटेकोर तपासायचा. मक्ता होता तसाच राहिला.

त्या हिशेबाच्या वाटेचं कौतुक मात्र करावंच लागेल. बिल आधी युद्धखात्याच्या हिशेबनिसाकडे, तिथून अर्थखात्याच्या लेखापरीक्षकाकडे, तिथून नियंत्रकाकडे. पैसे काढायचे तर अर्थमंत्र्याचं वॉरंट, त्यावर नियंत्रकाची प्रतिस्वाक्षरी, निबंधकाची नोंद, मग खजिनदार. एक सेंट इकडचा तिकडे होणं कठीण. शिपायालाही या काटेकोरपणाचा अनुभव होताच: 1790 च्या कायद्यात त्याचा महिन्याचा पगार तीन डॉलर, त्यातून कपड्यांचे 90 सेंट आणि दवाखान्याच्या सामानाचे 10 सेंट कापून हातात दोन. कपड्यांत वर्षाला एक टोपी, एक कोट, एक वास्कीट, दोन लोकरी आणि दोन लिननच्या विजारी, चार जोड बूट, चार सदरे, मोज्यांचे दोन जोड, एक घोंगडी. सरहद्दीवरच्या चिखलात एक बूटजोड तीन महिने टिकतो, असं कायद्याने गृहीत धरलं होतं. चिखलाला कायदा ठाऊक नव्हता.

सेनापती अँथनी वेनचं सैन्य 1793-94 मध्ये त्याच मुलुखात शिरलं तेव्हा तोही मक्तेदारांवर सतत करवादत असे, पण त्याने घाई केली नाही. एकेका टप्प्यावर गढी, गढीत साठा, मगच पुढचं पाऊल. मौमी नदीकाठी पोहोचल्यावर त्याच्या माणसांना मैलोन्‌मैल मक्याची शेतं दिसली, मूळ रहिवाशांनी पिकवलेली. एवढी विस्तीर्ण मक्याची शेतं आपण कुठेच पाहिली नाहीत, असं वेनने लिहिलं आहे. ज्यांना रानटी म्हणत होते त्यांची रसद अशी दारापुढे उभी होती. सैन्याने ती पोटभर खाल्ली आणि उरलेली जाळली.

मक्ता ही मुळातच वाईट गोष्ट होती असंही नाही. एली व्हिटनीने 1798 मध्ये 28 महिन्यांत 10,000 बंदुका द्यायचा करार केला आणि शेवटची बंदूक दिली 1809 मध्ये. सरकारने कटकट केली, मुदती वाढवल्या, आगाऊ रकमा दिल्या, बंदुका आल्या. बंदूक आठ वर्षं उशिरा आली तरी चालते. जेवण आठ दिवस उशिरा आलं तर चालत नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजण्यात त्या पिढीची गफलत झाली.

आणि माल पोहोचला तरी कसा पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. खारवलेलं मांस टिकतं ते पिंपातल्या खाऱ्या पाण्यामुळे. गाडीवानाला ते पाणी म्हणजे फुकटचं ओझं. बूच काढून पाणी वाटेत सोडून द्यायची खोड क्रांतियुद्धापासूनची. गाडी हलकी होते, बैल खूश. कोठीत पिंप फोडलं की घाण सुटते. पिठाचं दुखणं वेगळं. ओल्या नावेच्या तळाशी राहिलेल्या पिंपात पाणी शिरतं, कडेच्या पिठाचा दगड होतो, आतलं आंबतं. जिवंत गुरं आणावीत तर शंभर मैल चालून ती हाडांवर येतात. मक्तेदार वजन पुरं भरतो, पण त्या वजनात खाण्यासारखं किती?

1809 चा उन्हाळा या सगळ्याचा कळस. न्यू ऑर्लीन्सच्या रक्षणासाठी जमवलेले सुमारे 2,000 शिपाई सेनापती जेम्स विल्किन्सनने शहराच्या खाली मिसिसिपीच्या काठी, तेर ओ बफ नावाच्या सखल जागी नेऊन ठेवले. आधी पाऊस, मग ऊन, आणि डास तर अखंड. मक्तेदाराचं पीठ आंबट, बुरशी आलेलं, किडे पडलेलं. खराब माल नाकारायची सोय होती, पण नाकारल्यावर दुसरा आणायचा कुठून, आणि त्याचा वाढीव खर्च मंजूर होणार का? युद्धमंत्री विल्यम यूस्टिस स्वतः डॉक्टर, पण काटकसरीचा कट्टर. किडकं पीठ वाटलं की शिधा ‘दिला’ अशी नोंद होते आणि बिल निघतं. छावणी हलवायचा हुकूम येऊन माणसं वर नाचेझला जाईपर्यंत सैन्य मृत्यूंनी आणि पळाल्याने जवळपास निम्मं झालं होतं. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती.

यानंतर तीनच वर्षांनी इंग्लंडशी युद्ध पुकारलं गेलं. क्वार्टरमास्टरचं खातं 1802 मध्ये काटकसरीपायी बंद केलं होतं, ते 28 मार्च 1812 ला, म्हणजे युद्धाच्या पावणेतीन महिने आधी, घाईघाईने पुन्हा उघडलं. सोबत खरेदीचा कमिसरी जनरल, म्हणजे खरेदीचा मुख्य अधिकारी, नेमला, दारूगोळ्याचं वेगळं खातं मे महिन्यात काढलं, आणि कोणी काय विकत घ्यायचं, कोणी वाहायचं, यावर तिघांत जुंपली. 1802 मध्ये शिधा मात्र वाढवला होता: गोमांस सव्वा पौंड, पीठ 18 औंस, दारू अख्खा गिल. वाढीव शिधा, तोच मक्तेदार. युद्ध संपत आलं तेव्हा विनफील्ड स्कॉट आणि एडमंड गेन्स या लढलेल्या सेनापतींनी एकमुखाने सांगितलं की ही पद्धत मोडा.

मोडली 1818 मध्ये. युद्धमंत्री जॉन कॅल्हूनच्या काळात, 14 एप्रिलच्या कायद्याने, शिध्याचा कमिसरी जनरल हे पद आलं आणि त्यावर जॉर्ज गिब्सन बसला. तो त्या खुर्चीवर 1861 मध्ये मरेपर्यंत होता, 43 वर्षं. बदल एका ओळीचा होता. मक्ता चालूच, जाहिराती चालूच, पण आता भाव शिध्याचा नाही, पिंपाचा. इतकी पिंपं पीठ, इतकी मांस, इतके बुशेल घेवडा, अमुक तारखेला अमुक कोठीत उतरवा, तपासून घेऊ, पैसे देऊ. कोठीपासून शिपायाच्या ताटापर्यंतचं काम सरकारचं. प्रत्येक गढीवर एक कनिष्ठ अधिकारी जामीन लिहून देऊन आणि जादा भत्ता घेऊन कोठी सांभाळू लागला. पीठ आता मक्तेदाराच्या मालकीचं राहिलं नाही, त्यामुळे ते शिपायाला न देण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. उलट जे सडलं ते थेट सरकारी वहीत नुकसान म्हणून दिसू लागलं. दिसू लागलं म्हणून कोणीतरी त्याच्याकडे पाहू लागलं. त्याच कायद्याने शिध्यातले जिन्नस बदलायची मुभा अध्यक्षाला दिली. कॅल्हूनने आठवड्यातून दोनदा ताजं मांस, शिवाय वाटाणे किंवा घेवडा यांचा आग्रह धरला आणि गढ्यांना भाजीचे मळे करायला लावलं.

मळ्यांची गरज लगेच सिद्ध झाली. 1819 मध्ये हेन्री ॲटकिन्सनचं पथक मिसूरी नदीवरून वर निघालं. वाहतुकीचा मक्ता जेम्स जॉन्सनकडे, आणि त्याने घेतल्या नव्या वाफेच्या बोटी. मिसूरीच्या गाळाने आणि बुडालेल्या ओंडक्यांनी त्या वाटेतच नामोहरम केल्या. पथक आजच्या नेब्रास्कातल्या कौन्सिल ब्लफपर्यंत कसंबसं पोहोचलं आणि हिवाळा खारवलेल्या मांसावर काढला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, जुन्या जखमा उकलल्या. स्कर्व्ही. शिध्यातलं व्हिनेगर स्कर्व्हीवर उतारा समजलं जाई, पण त्यात ‘क’ जीवनसत्त्व नसतंच. शंभराहून अधिक माणसं गेली. वसंतात रानकांदे आणि कोवळा पाला उगवला, तेव्हा कुठे उरलेले सावरले.

मग ॲटकिन्सन किल्ल्यावर शेती सुरू झाली, ती थांबेना. शेकडो एकर मका, गवताच्या गंजी, गुरांचे कळप. 1826 मध्ये इन्स्पेक्टर जनरल जॉर्ज क्रोगन तपासणीला आला आणि चांगलाच वैतागला. इथली गोठ्याची आवारं पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला शोभतील अशी आहेत, पण यात शिपायाचा किंवा सरकारचा फायदा काय, असं त्याने अहवालात विचारलं. इतका मका आणि इतकं गवत कशाला? गुरांना घालायला. आणि गुरं कशाला? मका आणि गवत खायला. पुढच्या वर्षी, 1827 मध्ये, किल्ला सोडून दिला.